अमेरिकेतला पहिला ख्रिसमस : टीनएजर मुलांसाठी भेट कशी निवडायची

हिवाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडते, त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर एकच प्रश्न फिरत असतो : तुला काय मिळालं? आम्ही न्यू जर्सीत आलो त्या वर्षी माझा मुलगा तेरा वर्षांचा होता. "आपली दिवाळी झाली ना, मग आता ख्रिसमसचं काय?" असं मी त्याला म्हटलं होतं आणि माझ्या लेखी विषय तिथेच मिटला होता. त्या दिवशी टेबलावर तो काय बोलला, ते मला दोन वर्षांनी कळलं. काहीच बोलला नव्हता. डबा आवरून लायब्ररीत जाऊन बसला होता.

तेव्हापासून मी दर ऑक्टोबरला एक वही काढते. हा लेख त्या वहीतून आला आहे. ज्यांच्या घरात तेरा ते एकोणीस वयाचं मूल आहे आणि अमेरिकेतला पहिला-दुसरा डिसेंबर आहे, त्यांच्यासाठी तो लिहिते आहे. वसईहून किंवा गोव्याकडून आलेल्या ख्रिस्ती घरांना नाताळ नवा नाही. मध्यरात्रीची मिस्सा, अंगणातला गोठा, शेजारी पाठवायची कुसवाराची, म्हणजे नाताळच्या फराळाची, ताटं हे सगळं त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण इथल्या भेटींचा व्यवहार, म्हणजे कुणाला काय द्यायचं, किती किमतीचं द्यायचं, परत कसं करायचं, तो त्यांनाही नवाच असतो.

वस्तू निवडताना मी स्वतःला एक प्रश्न विचारते : शाळा उघडेल त्या आठवड्यात ही वस्तू वापरात असेल का? दप्तरात, कानात, अंगावर, भिंतीवर, कुठेही. उत्तर 'हो' आलं नाही, तर ती दुकानात परत ठेवते.

आधी माणसं लिहा, मग वस्तू

नव्या घरांत सगळा गोंधळ इथे होतो. आपण एकदम दुकानात जातो. त्याआधी वहीत एक पान घाला आणि त्यावर फक्त नावं लिहा. साधारण चार प्रकारची नावं निघतात.

पहिलं आपलं मूल. दुसरी मित्रमंडळींची मुलं, ज्यांच्या घरी तुम्हाला २४ किंवा २५ डिसेंबरला जेवायला बोलावलं आहे. तिसरी शाळेतली आणि क्लबातली देवघेव. चौथी भारतातली भाचरं आणि पुतणे, कारण डिसेंबरात आपल्यातले कितीतरी जण सुट्टीला पुण्या-मुंबईला जातात आणि बॅगेत त्यांच्यासाठी काहीतरी असतं.

शाळेतली देवघेव नीट समजून घ्या, कारण मूल घरी येऊन एवढंच सांगतं, "मला शुक्रवारपर्यंत काहीतरी आणायचंय." 'सीक्रेट सँटा' असेल तर चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला एक नाव आलेलं असतं आणि भेट त्या एकाच मुलासाठी असते. 'व्हाइट एलिफंट' किंवा 'यँकी स्वॉप' असेल तर सगळ्या भेटी मधोमध ठेवतात, नंबराप्रमाणे एकेक जण उचलतो आणि पुढचा त्याच्या हातातली हिसकावूनही घेऊ शकतो. तिथे मापाची, मुलगा-मुलगी बघून घ्यायची वस्तू चालत नाही. उबदार पांघरूण, पत्त्यांचा एखादा खेळ, चांगलं हॉट चॉकलेट असं कुणाच्याही हाती गेलं तरी चालेल ते द्यायचं. दोन्हींत रकमेची मर्यादा ठरलेली असते, बहुतेक वेळा दहा ते पंचवीस डॉलरच्या मधली. ती पाळा. आपल्याला वाटतं जास्तीचं दिलं तर चांगलंच. पण पंधराच्या खेळात चाळीसची वस्तू आणणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर अवघडल्यासारखं होतं.

वर्गातला मित्र ज्यू असेल तर त्याच्या घरी हनुका असतो, आठ दिवसांचा. तो ज्यू पंचांगातल्या किस्लेव्ह महिन्याच्या २५ तारखेला सुरू होतो, म्हणून आपल्या दिवाळीसारखाच पुढे-मागे सरकतो, कधी नोव्हेंबरअखेर तर कधी डिसेंबरअखेर. त्याची भेट सँटाच्या कागदात गुंडाळू नका, साधा निळा-पांढरा कागद घ्या. आणि चिकट गोळ्या, मार्शमेलो देण्याआधी मागचं लेबल वाचा. त्यांत बहुधा जिलेटिन असतं, म्हणजे ते आपल्या शाकाहारी घरांना, मुस्लिम आणि ज्यू घरांना चालत नाही.

नावं झाली की प्रत्येकापुढे रक्कम लिहा आणि बेरीज करा. ती बेरीज बघूनच पुढचं पान उलटा. पहिल्या वर्षी पगार नवा, घराची अनामत रक्कम अडकलेली, गाडीचा हप्ता सुरू झालेला. अशा वेळी मुलाला सरळ सांगता येतं की या वर्षी आपली मर्यादा एवढी आहे. तेरा-चौदाच्या मुलाला हे कळतं, आणि विश्वासाने सांगितलेलं त्याला आवडतं.

ऑक्टोबरपासून कान उघडे ठेवा

या वयाच्या मुलाला "तुला काय हवंय?" विचारलं की "काही नको" हे उत्तर ठरलेलं. त्याला खरंच काही नको असतं असं नाही. आईबाबांवर खर्चाचा भार पडतोय हे त्याला दिसत असतं, किंवा जे हवंय ते सांगितलं तर "ते कशाला?" हा प्रश्न येणार हे त्याला माहीत असतं. नव्या देशात आलेल्या मुलांत मला हे जास्त दिसलं. ती आपल्यापेक्षा लवकर हिशेब शिकतात.

म्हणून विचारायच्या आधी बघायचं. आठवड्यातले चार दिवस अंगात कोणतं हुडी असतं? बहिणीची कोणती वस्तू न विचारता उचलली जाते? काय तुटलंय आणि तरी टेपने चिकटवून वापरलं जातंय? मित्र घरी आले की कशाबद्दल आवाज चढतो? माझ्या मुलीच्या स्केचबुकाची शेवटची पानं बघितली तेव्हा कळलं की ती दोन्ही बाजूंनी चित्रं काढायला लागली होती, कागद पुरवून पुरवून. त्या वर्षीची भेट तिथेच ठरली.

जे दिसेल ते त्याच दिवशी वहीत लिहा, आणि नेमकं लिहा. "हेडफोन" असं लिहून उपयोग नाही. कंपनी, मॉडेल, रंग, कानात घालायचे की कानावरून बसणारे, सगळं. या वयात रंगाची छटा चुकली तरी वस्तू कपाटात जाते. तो मुलांचा हट्टीपणा आहे असं मला वाटत नाही. आपण कोण आहोत हे ती तेव्हाच ठरवत असतात, आणि वस्तू त्या ठरवण्याचा भाग असतात.

दुसऱ्यांच्या मुलांसाठी मात्र सरळ विचारा. आपल्याला हे उद्धटपणाचं वाटतं. "काय आणू?" विचारलं की समोरचा "अहो, कशाला, काही नको" म्हणणार आणि मग आपण आपल्या मनाने काहीतरी नेणार, ही आपली रीत. इथे मुलांनी विश लिस्ट करणं ही जुनी, साधी पद्धत आहे. नोव्हेंबरात त्या आईला मेसेज करा : "त्याच्या लिस्टवर पंचवीस डॉलरच्या आतलं काय आहे?" तिला आनंदच होतो, कारण आजी, मामा, काकू सगळे तिला हेच विचारत असतात आणि एकच वस्तू तीनदा येऊ नये याची तिला काळजी असते.

काही गरजा तुम्हाला दिसतील पण त्या वस्तू ख्रिसमसच्या झाडाखाली, भेटींत ठेवायच्या नाहीत. पहिलं रेझर, डिओडरंट, चांगल्या मापाची अंतर्वस्त्रं. या गोष्टी हव्या असतात आणि मागायला लाज वाटते. त्या एखाद्या साध्या मंगळवारी आणून, काही न बोलता, खोलीत ठेवून द्या.

काय घ्यायचं

सगळ्यात भरवशाची वाट म्हणजे मूल आधीपासून जे करतंय त्याचा पुढचा टप्पा. नवा छंद भेट म्हणून देऊ नका. तो बहुतेक वेळा आपला छंद असतो, त्यांचा नव्हे.

चित्र काढणाऱ्या मुलीला दीडशे रंगांची मोठी पेटी मोह पाडणारी दिसते, पण तिच्या कामाचे असतात जाड कागदाचं स्केचबुक आणि पाच-सहा चांगले मार्कर. कोणते, ते तिच्या चित्रकलेच्या शिक्षकांना विचारा, ते हौसेने सांगतात. गिटार शिकणाऱ्याला तारांचे दोन संच, ट्यूनर, कॅपो. तबला शिकणाऱ्याला नवी चुंबळ आणि कव्हर. क्रिकेट खेळणारी आपली मुलं इथे शनिवार-रविवार लीगमध्ये असतात. त्यांना बॅट परस्पर घेऊन देऊ नका. वजन आणि तोल त्याने हातात धरून बघायचा असतो, आणि इंग्लिश विलोची नवी बॅट आधी ठोकून तयार करावी लागते, लगेच सामन्याला नेता येत नाही. त्याऐवजी ग्लोव्ह्ज, ग्रिप, किंवा चाकांची किटबॅग. बॅटच द्यायची असेल तर पाकिटात चिठ्ठी घाला : "मार्चमध्ये आपण दोघं जाऊन तुझी बॅट निवडायची." मार्चमध्ये खरंच जा.

तेरा-चौदाच्या मुलांना मित्रांबरोबर वापरता येईल ते आवडतं. लगेच फोटो छापून देणारा इन्स्टॅक्ससारखा कॅमेरा अजूनही हिट आहे. पण त्याच्या फिल्मच्या पाकिटात फक्त दहा फोटो असतात आणि ते पहिल्याच दुपारी संपतात, म्हणून कॅमेऱ्याबरोबर निदान दोन पाकिटं जास्त घ्या. नाहीतर २५ तारखेला, दुकानं बंद असताना, रिकामा कॅमेरा हातात घेऊन मूल बसतं. बॅटरीवर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूबाबत हेच. बॅटरी आणून तिथेच ठेवा.

कपडे देणार असाल तर मापांचा घोळ समजून घ्या. मुलींच्या कपड्यांत 'ज्युनियर्स' विभागात विषम आकडे असतात, ३, ५, ७, ९. 'विमेन्स' विभागात सम, २, ४, ६, ८. दोन्हींची शिवण वेगळी. मुलग्यांचा 'यूथ एक्स्ट्रा लार्ज' आणि मोठ्यांचा 'स्मॉल' जवळपास येतात, पण खांदा आणि लांबी बदलते. कपाटातल्या आवडत्या कपड्याच्या लेबलचा फोटो काढून ठेवा आणि त्याच कंपनीचं तेच माप घ्या. आणि वाढत्या अंगाचं म्हणून दोन मापं मोठं घेऊ नका. आपल्या आयांनी ते केलं कारण वर्षाला दोन जोड मिळायचे आणि ते पुरवायचे असायचे. इथे ढगळ हुडी चालतं, पण ढगळ कुठे हवं आणि घट्ट कुठे हवं हे तीच मुलं ठरवतात.

हेडफोन हे पंधरा-सोळाच्या वयाचं हमखास मागणं. ते देताना पाच मिनिटं काढून मुलाबरोबर बसा आणि फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाची मर्यादा घाला. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली सुरक्षित पातळी मोठ्यांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास, आणि मुलांसाठी ७५ डेसिबल, तेवढेच तास. आवाज वाढला की हे तास झपाट्याने कमी होतात. कानाच्या आतल्या बारीक पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. हे ओरडून सांगायचं नाही, भेट उघडल्यावर शांतपणे एकदा सांगायचं.

व्हिडिओ गेम घ्यायचा तर तीन गोष्टी तपासा. घरात कोणता कन्सोल आहे. त्याला डिस्क लागते का, कारण प्लेस्टेशन ५ ची डिजिटल आवृत्ती आणि एक्सबॉक्स सीरिज एस यांना डिस्कची खाचच नाही, डिस्क आणली तर ती नुसती बघत बसायची. आणि डब्याच्या कोपऱ्यातलं अक्षर : 'ई' म्हणजे सर्वांसाठी, 'टी' म्हणजे तेरा वर्षांपुढे, 'एम' म्हणजे सतरापुढे. दुसऱ्यांच्या मुलाला 'एम' गेम त्याच्या आईबाबांना विचारल्याशिवाय कधीच देऊ नका.

सतरावं वर्ष इथे गाडीचं. न्यू जर्सीत सोळाव्या वर्षी ड्रायव्हिंग स्कूलमार्फत शिकाऊ परमिट मिळतं आणि सतराव्या वर्षी तात्पुरता परवाना, तोही नंबरप्लेटवर लाल स्टिकर लावून चालवायचा. त्या वयाला मी जी भेट देते ती अजून कुणीच परत केलेली नाही. एका कापडी पिशवीत जंपर केबल, काचेवरचा बर्फ खरवडायचं साधन, चांगली टॉर्च, फोनचा कार चार्जर, हातमोजे आणि पेट्रोल पंपाचं एक कार्ड. (न्यू जर्सीत पेट्रोल स्वतः भरायची परवानगी नाही, पंपावरचा माणूस भरतो. म्हणून इथली मुलं दुसऱ्या राज्यात गेली की पहिल्यांदा नळी हातात घेऊन गोंधळतात. तेही शिकवून ठेवा.) दिसायला ही पिशवी रुक्ष वाटते. पण "तू आता एकटा रस्त्यावर जाणार आहेस आणि आम्हाला ते मान्य आहे" हे तिच्यातून कळतं, आणि सतराव्या वर्षी ते कळणं फार मोलाचं असतं.

अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी मूल कॉलेजच्या डॉर्ममध्ये, म्हणजे वसतिगृहात असतं आणि पहिल्यांदा सुट्टीला घरी आलेलं असतं. मेणबत्त्या देऊ नका, बहुतेक डॉर्मांत बंदी असते. राइस कुकर द्यायचा विचार असेल तर आधी कॉलेजच्या वेबसाइटवरची नियमांची यादी वाचा. आणि आता मनातलं सांगते. या वयाला मला माहीत असलेली सगळ्यात सुंदर भेट म्हणजे गोधडी. माझ्या सासूबाईंच्या जुन्या नऊवारी आणि सुती साड्यांची, गावाकडच्या बाईंनी हाताने टाके घातलेली. डॉर्मचा पलंग 'ट्विन एक्स्ट्रा लाँग' मापाचा असतो, जवळपास ८० इंच लांब, म्हणून माप आधीच कळवायचं. उन्हाळ्यात भारतात गेलात की साड्या देऊन यायच्या, गोधडी शिवून व्हायला महिने लागतात. हवा काढून टाकायच्या प्लास्टिकच्या पिशवीत घातली की ती बॅगेत मावते, मात्र वजन धरा, सूत जड असतं. माझ्या मुलाने ती उघडली तेव्हा त्याने फक्त वास घेतला. आजीच्या कपाटाचा वास होता, डांबराच्या गोळ्यांचा आणि कापराचा. बर्फाच्या रात्री त्याच्या खोलीतली तीन मुलं तिच्यावर बसून अभ्यास करतात असं तो सांगतो.

काय देऊ नये

मुलाला त्याचं उणं दाखवणारी भेट देऊ नये. मुरुमांचं क्रीम, वजनकाटा, जिमची वर्गणी (मागितली नसेल तर), एसएटी या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेच्या तयारीची पुस्तकं. अभ्यासाची पुस्तकं लागतात, ती जरूर आणा, पण रॅप करून देऊ नका. आपल्या घरांत हे फार होतं आणि मूल हसून "थँक यू" म्हणतं. त्या हसण्याकडे नीट बघा.

मुलींच्या स्किनकेअरच्या याद्या हल्ली लांबलचक असतात. साधं फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन एवढं या वयाला पुरतं. रेटिनॉलसारखी सुरकुत्यांसाठीची द्रव्यं कोवळ्या त्वचेला लागत नाहीत, उलट त्यांनी ती लाल होते, सोलवटते. यादीत असली तरी तेवढी वगळा, आणि का वगळली ते सांगा.

पाकीट आणि कार्ड

रोख द्यावी का, असा प्रश्न मला नेहमी येतो. द्यावी. आपण पाडव्याला, भाऊबीजेला ओवाळणी घालतोच ना. अकरा, एकवीस, एकावन्न डॉलर असा वरचा एक घालून दिलात तर तो एक का, हे अमेरिकन मित्रसुद्धा विचारतात आणि आपलं मूल अभिमानाने समजावून सांगतं. फक्त पाकिटात दोन ओळी स्वतःच्या हाताने लिहा. मराठीत लिहा. वाचता आलं नाही तर ते तुमच्याकडून वाचून घेईल, आणि त्या निमित्ताने शेजारी बसेल.

गिफ्ट कार्डाचं शास्त्र थोडं वेगळं. मूल खरोखर जिथे जातं तिथलंच घ्या. ज्या दुकानात ते कधी पाऊल ठेवत नाही, तिथलं पन्नासचं कार्ड पाकिटातच पडून राहतं. अमेरिकन कायद्याप्रमाणे कार्डावरचे पैसे निदान पाच वर्षं बाद होत नाहीत, आणि कार्ड वर्षभर न वापरता पडून राहिल्याशिवाय त्यातून शुल्क कापता येत नाही. मात्र दुकानातल्या उघड्या रॅकवर फसवणूक होते. पाकीट फोडून आतला नंबर टिपून घेतात, परत चिकटवून ठेवतात, आणि तुम्ही पैसे भरले की रक्कम दुसराच कुणी काढतो. पिन खरवडलेला, वेष्टन उचकटलेलं, स्टिकर दोनदा लावलेला असेल तर ते कार्ड घेऊ नका. काउंटरच्या मागे ठेवलेलं कार्ड मागून घ्या आणि पावती जपून ठेवा. ओळखीच्या एका कुटुंबाची अशी शंभर डॉलरची भेट रिकामी निघाली. ती देणाऱ्या आजोबांना वाईट वाटलंच, पण पैसे नाहीत हे त्यांना सांगावं कसं, या विचारात नात पंधरा दिवस गप्प होती.

भारतातल्या भाचरांना इथलं गेमिंगचं किंवा अ‍ॅपचं कार्ड पाठवू नका. ही कार्डं देशाशी बांधलेली असतात आणि भारतातल्या खात्यावर चालत नाहीत. विजेची उपकरणंही तपासा. इथे १२० व्होल्ट, तिथे २३०. फोन-लॅपटॉपचे चार्जर दोन्हीकडे चालतात, त्यांच्यावर १०० ते २४० असं छापलेलं असतं. पण इथला हेअर ड्रायर किंवा केस सरळ करायचं यंत्र फक्त १२० चं असलं तर तिथे लावताच जळतं. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नेता येत नाही.

खरेदी कधी, कशी

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे थँक्सगिव्हिंग. दुसऱ्या दिवशी ब्लॅक फ्रायडे, त्यानंतरचा सोमवार ऑनलाइन खरेदीचा. इलेक्ट्रॉनिक वस्तू तेव्हा खरंच स्वस्त असतात. वहीत ज्याचं नाव आधीपासून आहे तेवढंच घ्या. किंमत ऑक्टोबरातच लिहून ठेवली असेल तर सवलत खरी की नुसती पाटी, हे लगेच कळतं. न्यू जर्सीत कपडे आणि बुटांवर विक्रीकर नाही, बाकीच्या बहुतेक वस्तूंवर ६.६२५ टक्के लागतो. बेरजेत तो धरा. पोस्टाने पाठवायचं असेल तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात टाका.

प्रत्येक खरेदीला गिफ्ट रिसीट मागा. ही पावती वेगळी असते. तिच्यावर किंमत छापलेली नसते, पण ती दाखवून वस्तू बदलता येते. ऑनलाइन घेताना 'ही भेट आहे' या चौकटीत खूण करायची. ही पावती डब्यात घालून देणं इथे अपमानाचं मानत नाहीत, तो शिष्टाचार आहे. नोव्हेंबरपासून घेतलेल्या वस्तू परत करायची मुदत बरीच दुकानं जानेवारीपर्यंत वाढवतात, इलेक्ट्रॉनिक वस्तूंची मात्र कमी असू शकते. पावतीच्या मागे तारीख असते, ती वहीत उतरवा.

घरात लहान भावंडं असतील तर आणखी एक. सात वर्षांच्या भावाला सहा मोठे डबे आणि सोळा वर्षांच्या बहिणीला एक छोटासा, असं झाडाखाली दिसतं. तिचा छोटा डबा सगळ्यात महाग असतो आणि तिला ते माहीतही असतं, तरी सकाळी हात लवकर रिकामे होतात. म्हणून तिचं स्टॉकिंग, म्हणजे छोट्या भेटींसाठी टांगलेला मोठा मोजा, नीट भरा. जाड मोजे, लिप बाम, केसांचे क्लिप, पेन. पायाच्या टोकाशी संत्रं घालायची इथली जुनी पद्धत आहे. आम्ही संत्र्याशेजारी आंबावडीही घालतो.

उघडताना आणि नंतर

आपल्याकडे भेट घेतली की नमस्कार करून बाजूला ठेवतात आणि पाहुणे गेल्यावर उघडतात. इथे ती देणाऱ्यासमोर लगेच, कागद फाडून उघडायची. तुमच्या मुलाला हे आधी सांगून ठेवा, आणि हेही सांगा की आवडली नाही तरी वस्तूबद्दल एक खरी गोष्ट बोलायची : "हा रंग माझ्याकडे नव्हता." किमतीचा स्टिकर आदल्या रात्री सगळ्या डब्यांवरून काढा. मागच्या बाजूचाही.

२५ च्या सकाळी फोटोचा आग्रह धरू नका. या वयाची मुलं उठल्याउठल्या कॅमेऱ्यासमोर यायला तयार नसतात. चहा करा, शेजारी बसा, त्यांना उघडू द्या. चेहरा फुलला नाही तर "आवडलं नाही का?" असं विचारू नका. माझ्या मुलाने एकदा एक स्वेटर काही न बोलता घडी घालून ठेवला आणि मी दिवसभर खट्टू होते. फेब्रुवारीत तो रोज त्याच्या अंगात होता.

२६ तारखेला दुकानांत परत करणाऱ्यांच्या रांगा असतात. तुम्ही चार दिवस थांबून जा, मुदत असते. ज्यांनी भेटी दिल्या त्यांना मुलाने स्वतः निरोप लिहायचा, आठवडा संपायच्या आत. आजीला फोन, मित्राच्या आईला हाताने लिहिलेलं कार्ड. तुम्ही त्याच्या वतीने लिहू नका, फक्त पत्ता आणि पोस्टाचं तिकीट द्या.

आणि शाळा उघडली की पहिल्या शुक्रवारी वही परत काढा. प्रत्येक नावापुढे काय दिलं, ते वापरात आहे का, कुठे ठेवलंय, एवढं लिहा. माझ्या मुलीच्या नावापुढे गेल्या वर्षी लिहिलंय : "स्केचबुक, अर्धं भरलं. मार्करपैकी राखाडी सगळ्यात आधी संपला."